घंटेचा नियम

६ एप्रिल, सोमवार

रुग्णालयाच्या कामाची वही वेगळी, ही माझी घरची. कामाच्या वहीत "बोळ पुसला, पिशव्या बांधल्या" एवढंच लिहायचं असतं. पण आजची गोष्ट सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण माझी कल्पना आज अख्ख्या रुग्णालयानं उचलून धरली.

मी सफाई विभागाची मुकादम. हाताखाली सव्वीस माणसं. साथीचे रोगी यायला लागल्यापासून दुसऱ्या मजल्याच्या लांबलचक बोळात नुसता गोंधळ असायचा. इकडून रोग्याची ढकलगाडी, तिकडून मळक्या चादरींची पिशवी, आणि मध्ये कुणीतरी डबा हातात घेऊन गप्पा मारत उभं. "बाजूला व्हा" ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेवटी भांडारातून जुन्या पितळी घंटा काढल्या. गाडी निघायच्या आधी बोळाच्या टोकाला घंटा वाजवायची. घंटा वाजली की प्रत्येकानं जवळच्या खोलीत शिरायचं, दार लावून घ्यायचं, आणि गाडी जाऊन फरशी पुसून होईपर्यंत ते कोणत्याही कारणाने उघडायचं नाही. आज दिवसभरात चाळीसेक वेळा वाजली, एकदाही कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, हे आम्हाला इतकी वर्षं का सुचलं नाही?" मी म्हटलं, "तुम्हाला फरशी पुसावी लागत नाही म्हणून."

घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझी सून आता घंटा बडवते. शिपाई म्हणून लागली असतीस तर एव्हाना बढती तरी मिळाली असती." सासरे असे हवेत. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, पण भांडायला पुरेसे आहोत.

९ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. चार पायऱ्या खालीच थांबले. "वहिनी, राग मानू नका, पण लोक बोलतात. तुम्ही रोज तिथून येता, कठड्याला हात लावता. रुग्णालयात तुमच्या राहायची सोय करतात म्हणे. महिना-दोन महिने तिकडेच राहिलात तर?"

मी म्हटलं, "आणि मामंजी?" दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली होती. आता वॉकरची चौकट धरून घरातल्या घरात फिरतात, पण बाहेरचं दार, आंघोळ, औषधं, सगळं माझ्याकडे. मी कामावर असते तेव्हा समोरच्या दारातले मास्तर अकराला येतात. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते. दोघं जेवणाच्या वेळेपर्यंत बुद्धिबळ खेळतात आणि एकमेकांवर चिडीचे आरोप करतात. तेवढ्या भरवशावर मी आठ तास बाहेर राहते. रात्रंदिवस राहणं शक्यच नाही.

मग मलाच सुचलं. म्हटलं, इथेही घंटा ठेवू. मी फाटकातून आत आले की वाजवीन. पाच मिनिटं सगळ्यांनी आत राहायचं. मी वर गेले, जिना पुसून टाकला, की झालं. बिचाऱ्याचा चेहरा असा खुलला की त्याला किती काळजी होती ते कळलं. माणसांना नीट समजावलं की ती ऐकतात. भांडण करून काय मिळालं असतं?

१७ एप्रिल, शुक्रवार

आठवडा झाला. आमची इमारत आता रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्याच्याही तोंडात मारेल. मी फाटकात घंटा वाजवते आणि तळापासून वरपर्यंत दारं लागत जातात, धाड, धाड, धाड. खिडक्यासुद्धा! खिडक्यांचं तर मी सांगितलंही नव्हतं.

सेक्रेटरींनी नियम लेखी मागितले. "तुम्ही त्यातल्या जाणकार, तुमच्याच भाषेत द्या." रुग्णालयातला मसुदा समोर होताच. पाच नियम सुवाच्य अक्षरात लिहिले, खाली सही केली, हुद्द्याचा शिक्काही मारला. तिसरा नियम असा: घंटा वाजताच दारे बंद करावीत व कोणत्याही कारणाने उघडू नयेत. कागद तळमजल्यावर काचेत लावला आहे. येता-जाता माझी सही दिसते.

२२ एप्रिल, बुधवार

मास्तरांनी तीन-चार दिवसांपूर्वी किल्ली परत केली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या कडीला अडकवली होती. जंतुनाशकानं ओली, पुसून लख्ख. म्हातारा माणूस असून किती काळजी घेतो! माझ्या सव्वीस जणांना दाखवावी अशी. सत्तरी उलटलेल्या माणसानं आमच्या घरात न येणं हेच बरोबर, मी स्वतःच त्यांना तसं सांगणार होते.

बुद्धिबळाची सोयही लागली. दोघांनी आपापली दारं उघडी ठेवायची आणि दारातून खेळ्या ओरडायच्या, मध्ये सगळा व्हरांडा. दोन दिवस छान चाललं. मग वरच्या मजल्यावरून तक्रार आली की आमच्या घरातली हवा जिन्यात जाते. म्हणून आता सहावा नियम: आमचं दार उघडायच्या आधीही घंटा वाजवायची. एक घंटा मामंजींसाठी दाराजवळच्या स्टुलावर ठेवली आहे. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायची तर आधी वाजवतात. कडी वर आहे, बाहेरून ती किल्लीनं सरकते, पण आतून उभं राहून, चौकट धरून, हात लांबवून काढतात. तेवढाच व्यायाम.

बुद्धिबळ फोनवर चालेल म्हटलं. मामंजी म्हणाले, "मास्तरचा फोन हल्ली फार आजारी असतो." मला हसू आलं.

२८ एप्रिल, मंगळवार

पाच मिनिटांची पंधरा झाली. मुख्य जिना आमच्यासाठी बंद, आम्ही मागचा वापरायचा. घंटा वाजवून तिथेच पंधरा मिनिटं थांबायचं, मग वर जायचं. मागच्या जिन्याच्या फाटकाला कुलूप, किल्ली पहारेकऱ्याकडे. तो मला बघून कुलूप काढतो आणि लांब जाऊन उभा राहतो.

खरं तर पंधरा मिनिटांना काही आधार नाही, पण स्वच्छ वाट आणि मळकी वाट वेगळी हवी हे मीच रोज शिकवते. आता कुणी ते पाळलं तर मी कोणत्या तोंडानं नाक मुरडू? आठ तास उभं राहून आल्यावर त्या पंधरा मिनिटांत पायऱ्यांवर बसायला मिळतं, हेही खरंच.

४ मे, सोमवार

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. माझे नियम आसपासच्या इमारतींना हवे आहेत. त्यांनी छापील प्रती काढल्या, फक्त सह्या करायला पिशवीतून वर पाठवल्या. सह्या करून बोटं दुखली. मोठ्या डॉक्टरांनाही सांगितलं. "अरे वा," म्हणाले. अजून चार ठिकाणी बोलवतील अशी लक्षणं आहेत. मामंजींना म्हटलं, तुमची सून नावारूपाला येते आहे. त्यांनी मान हलवली.

रुग्णालयात मात्र काहीतरी बिनसलं आहे. दुपारी डबा घेऊन बसले तर माझ्या बाकावरच्या दोघी उठून दुसरीकडे गेल्या. चिमणीसुद्धा. (ही माझी सगळ्यात चलाख कामगार. अंगानं एवढीशी, म्हणून चिमणी.) बहुधा परवा सुट्ट्या नाकारल्या त्याचा राग असावा. मुकादमाला सगळ्यांशी गोड राहता येत नाही.

९ मे, शनिवार

मामंजींचं खाणं कमी झालं आहे. अर्धी वाटी सूप, दोन घास भाकरी, "पुरे." बसून असतात, भूक लागणार कुठून? पण रुळले आहेत चांगले. बुद्धिबळाचा पट मांडून दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतात. मी विचारलं, "कोण जिंकतंय?" तर म्हणाले, "मास्तर."

खुर्ची ओढत ओढत बाहेरच्या दाराशी नेली आहे. गार वाटतं म्हणतात. दाराला कान लावल्यासारखे बसतात. आज म्हणाले, "सूनबाई, एकदा घंटा न वाजवता येऊन बघ ना."

"का?"

"मग तुला जिन्यात कुणीतरी दिसेल. आणि मला सांगशील, कोण दिसलं ते."

मी रागावले. म्हटलं, मीच नियम मोडला तर लोकांनी कशाला पाळावा? ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि तोंड दाराकडे फिरवलं. मला वाईट वाटलं. पण सासऱ्यांनी हट्ट केला म्हणून शास्त्र बदलत नाही.

संध्याकाळी पाहिलं, तर आमच्या दाराखालच्या फटीत बाहेरून ओलं फडकं कोंबलेलं होतं. जंतुनाशकाचा वास येत होता. कुणीतरी आपणहून व्हरांडा पुसला असावा आणि फडकं विसरलं असावं. धुऊन कठड्यावर ठेवलं. कुणी नेलं नाही.

१३ मे, बुधवार

आज चिमणीशी खडाजंगी झाली. कामावर उशिरा आली. विचारलं तर फडाफडा बोलली. "फाटकाचं कुलूप काढायला कुणी येईना, बाई. अर्धा तास घंटा वाजवली. आमच्या इमारतीत तुमचा कागद लागलाय. तुमच्या सहीचा. सासूला धड दिसत नाही, ती दिवसभर एकटी. पूर्वी शेजारीण जेवायला वाढून जायची. आता घंटा वाजली की तीच आधी दार लावते. लोक रोगाला भीत नाहीत, बाई, घंटेला भितात."

मी म्हटलं, "नियम तुमच्याच भल्यासाठी आहे. घंटा नसती तर तुम्हाला घरातून काढलं असतं."

"घंटा आली म्हणून तर त्यांना कळलं ना, आम्ही कुठल्या दारात राहतो ते," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

दिवसभर डोक्यात तेच घोळत राहिलं. पण नीट विचार केला तर चिमणी मुळातच तापट आहे, आणि एखाद्या इमारतीनं नियम चुकीचा वापरला तर तो नियमाचा दोष नाही. आमच्याकडे बघा, सगळं कसं सुरळीत आहे.

२२ मे, शुक्रवार

मंगळवारचं आज लिहिते आहे. रुग्णालयातच बसून. मामंजी आत आहेत.

मंगळवारी मी चारला आले. मागच्या फाटकात घंटा वाजवली. दारं लागली. पहारेकऱ्यानं कुलूप काढलं आणि लांब गेला. मी पायरीवर बसले. तेवढ्यात वरून घंटेचा आवाज आला. आमचीच. मामंजी कचरा ठेवत असतील, म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा आली, अगदी बारीक. मनात आलं, आज पिशव्या दोन दिसतात. मी घड्याळ बघत बसले. पूर्ण पंधरा मिनिटं बसले. मी उठले नाही.

दार आतून कशाला तरी अडत होतं. ते मामंजी होते. जमिनीवर, दाराला लागून, हातात घंटा. सकाळी नऊला पाणी घ्यायला उठले आणि पडले. फोन आतल्या टेबलावर, आणि तिकडे वळता येईना. म्हणून रांगत, घसटत दारापर्यंत आले. त्याला किती वेळ लागला हे त्यांना सांगता आलं नाही. कडीपर्यंत हात पोचला नाही. घंटेपर्यंत पोचला.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. एकही दार उघडेना. वरच्या कठड्यावरून सेक्रेटरींचा आवाज आला, "वहिनी, काय झालं? तुमची घंटा बारापासून वाजतेय. काळजी करू नका, आम्ही सगळे आतच आहोत. एकानंही दार उघडलेलं नाही."

असं सांगत होते मला. धीर दिल्यासारखं.

रुग्णवाहिका आली. वर यायला चालक एकटाच होता, म्हणून मी कामावर फोन केला. धावत आली ती चिमणी आणि धुलाईतले दोघं. त्यांनी मामंजींना मुख्य जिन्यानं खाली नेलं. घंटा कुणी वाजवली नाही. चिमणी मला एक शब्दही लागेल असं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मांडीचं हाड खुब्यात मोडलं आहे. चार वर्षांचं पोर असतं तर सांधलं असतं, म्हणाले डॉक्टर. साथीचा रोग नाही. दोनदा तपासलं. त्या रोगाचा लवलेशही नाही.

२५ मे, सोमवार

मामंजी गेले. सकाळी दहा वाजता.

काल संध्याकाळी बऱ्यापैकी शुद्धीत होते. मला जवळ बोलावलं. म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी मास्तर घरी नव्हता का गं?"

मी म्हटलं, "नव्हते, मामंजी. डॉक्टरकडे गेले होते."

"तरीच," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा निवळला. मग झोपले.

आयुष्यात त्यांच्याशी मी खोटं बोलले नव्हते. हे एक बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

२७ मे, बुधवार

घरी आले. मुख्य जिन्यानं, घंटा न वाजवता. कुणी अडवलं नाही. कळलं होतं सगळ्यांना.

मी कुलूप काढत होते तेव्हा मागे मास्तरांचं दार उघडलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना पाहिलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वर-खाली लागलेली. मी ठरवलं होतं की या माणसाला तोंडावर काय ते सुनवायचं. शब्द जुळवून ठेवले होते.

पण आधी तेच बोलले. "सूनबाई, मी दाराशीच होतो."

मी किल्ली कुलपातच ठेवून वळले.

"बारापासून. खुर्ची घेऊन दाराशी बसलो होतो. आधी वाटलं, कचरा ठेवतोय. मग थांबेचना. तीनदा कडीला हात घातला. एकदा काढलीही. मग वाटलं, सूनबाईनं लिहिलंय, कोणत्याही कारणाने उघडू नये. ती रोज तिथे असते, ती बघते, आपल्याला काय कळतं? तिनं लिहिलंय म्हणजे तसंच काहीतरी भयंकर असणार. मी कडी परत लावली." त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. "त्याची हाक आली असती ना, तर मी उघडलं असतं. नुसती घंटा होती गं."

मला त्यांना मारावंसं वाटत होतं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काही केलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मास्तर, ते शब्द मी सवयीनं लिहिले. रुग्णालयात आम्ही तसंच लिहितो. मी विचारच केला नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचार केला नव्हतास?" आणि आत गेले. दार मात्र उघडंच ठेवलं.

खाली जाऊन काचेतला कागद काढला आणि फाडला. सेक्रेटरी बघत होते. म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनःस्थितीत मी काही बोलत नाही. आमच्याकडे प्रती आहेत."

३० मे, शनिवार

सव्वीस जणांना एकेक करून विचारलं, तुमच्या इमारतीत माझा कागद आहे का. एकोणीस जण हो म्हणाले. कुणाचा आवाज चढला नाही. सवय झाल्यासारखे सांगत होते.

चिमणीबरोबर तिच्या इमारतीत गेले. जिन्यात तिथले सेक्रेटरी भेटले. मी म्हटलं, हे नियम मी लिहिले, खाली सही माझी आहे, मी ते मागे घेते, कागद काढा. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एक पायरी मागे सरकून विचारलं, "म्हणजे तुम्ही त्या रुग्णालयातल्याच ना? मग घंटा न वाजवता कशा आलात?" आणि वर जाऊन दार लावलं. मग त्यांच्या शेजारचं लागलं, मग वरचं. कागद मी ओरबाडून काढला. दुसरा लावायला त्यांना दोन मिनिटं लागतील, हे मला माहीत आहे.

चिमणीची सासू घरात दाराशीच बसली होती. पायाशी घंटा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोंड आवाजाच्या दिशेला. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "आजी, सून नसताना काही झालं, पडलात, दुखलं, तर ही घंटा वाजवू नका. अजिबात हात लावू नका. जोरात हाका मारा."

म्हातारीनं विचारलं, "कुणाला?"